मुंबईच्या फ्लॅटमध्ये डे गेको: पेटी लावण्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

डे गेको म्हणजे दिवसा जागी असणारी पाल. ती पाळण्याबद्दल जी माहिती सहज सापडते ती बहुतेक थंड देशांत लिहिलेली असते. तिथे खोलीचं तापमान १८ अंश असतं, म्हणून सुरुवातच तापवणाऱ्या दिव्यापासून होते. मुंबईत तो सल्ला शब्दशः पाळला तर मे महिन्यात पाल काचेच्या पेटीत भाजून मरते. आपल्याकडे ऊब फुकट मिळते. मिळत नाही ते पेटीत उतरणारं ऊन आणि खेळती हवा. पैसे आणि मेहनत या दोन गोष्टींवर घालवा.

घरच्या भिंतीवरची पाल रात्री ट्यूबलाइटपाशी येते आणि तिच्या डोळ्यात उभी चीर दिसते. डे गेको सूर्याबरोबर उठते, तिची बाहुली गोल असते आणि ती दिवसभर उन्हा-सावलीत ये-जा करून अंग तापवते आणि निववते. म्हणून तिला रातपालीसारखं नुसत्या डब्यात ठेवून चालत नाही. फेल्सुमा ही त्यांतली मुख्य प्रजाती. तिच्या बहुतेक जाती मादागास्कर आणि हिंदी महासागरातल्या बेटांवरच्या. एक आपल्या अंदमानातही आहे. लायगोडॅक्टिलस या त्याहून लहान पाली मुख्यतः आफ्रिकेतल्या.

आधी जात ठरवा, मग कागद बघा

पहिल्यांदा पाळणाऱ्याने फेल्सुमा लॅटिकॉडा घ्यावी. लांबी १० ते १३ सेंटिमीटर, हिरवं अंग, मानेवर सोनेरी भुकटी उडवल्यासारखे ठिपके, कमरेवर तीन लाल पट्टे. ती धीट असते, पेटीत समोर येऊन बसते आणि लहानसहान चुका सोसते. फेल्सुमा क्लेमेरी त्याहून बारीक आणि फार देखणी, पण तिचा जीव लहान, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळत नाही. टांझानियाच्या किंबोझा जंगलातली निळी लायगोडॅक्टिलस विल्यम्सी कोणी देऊ केली तर नको म्हणा. पाळण्यासाठी पकडून पकडून तिची संख्या इतकी घटली की २०१७ पासून ती साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे.

फेल्सुमा परिशिष्ट २ मध्ये येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर साइट्समधले प्राणी कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदवावा लागतो. पिल्लं झाली, पाल मेली, दुसऱ्याला दिली, तरी कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे त्याच्या पालींची नोंदणी आहे का, ते आधी विचारा. कागद नसेल तर प्राणी घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. संजय गांधी उद्यानातून किंवा सह्याद्रीच्या खडकांवरून दिवसा दिसणाऱ्या छोट्या पाली उचलून आणणं तर मनातही आणू नका.

पेटी

पेटी उभी हवी. लॅटिकॉडाच्या एका नर-मादी जोडीला ४५ × ४५ सेंटिमीटर तळ आणि ६० सेंटिमीटर उंची. एकट्या क्लेमेरीला ३० × ३० × ४५ पुरते. दोन नर एकत्र कधीच नाहीत: एक दुसऱ्याला मारतो, किंवा दाबून उपाशी ठेवतो. नराच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची ठळक रांग दिसते. जोडीचंही कायम पटेल असं नाही, म्हणून दुसरी रिकामी पेटी घरात असू द्या.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा जवळच्या अ‍ॅक्वेरियमवाल्याकडे काचेची पेटी मापाने करून मिळते. माशांची टाकी घेऊन ती उभी करू नका. करून घेताना तीन गोष्टी सांगा: दार समोर, संपूर्ण छत स्टीलच्या बारीक जाळीचं, आणि दाराखाली समोरच्या काचेत ४ ते ५ सेंटिमीटर रुंद जाळीची पट्टी. खालून हवा आत येते, तापून वरून बाहेर जाते. ही पट्टी नसेल तर पावसाळ्यात पेटीचं डबकं होतं. जाळीची भोकं १ मिलिमीटरच्या आत असावीत, कारण खाऊ म्हणून सोडलेल्या फळमाशा त्याहून मोठ्या भोकांतून निसटतात. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमच्या दर्जाचं वापरायला सांगा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. आंबट वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा.

तळाशी ३ ते ४ सेंटिमीटर भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा, आणि त्यावर ७ ते ८ सेंटिमीटर माती. माती म्हणजे दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग साधी बागेची माती, अर्धा भाग जाड वाळू. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्यात मीठ असतं. वर सुकी पानं पसरा.

आतलं मुख्य सामान म्हणजे बांबू. या पालींना गुळगुळीत, उभा, पोकळ बांबू हवा. त्यावर त्या ऊन खातात, आत झोपतात, आतच अंडी घालतात. ३ ते ५ सेंटिमीटर जाडीचे चार-पाच तुकडे, दोन उभे, दोन तिरपे, एक वरच्या बाजूला आडवा. वखारीतून आणताना औषध मारलेला नाही याची खात्री करा. मग आठवडाभर पाण्यात बुडवून (पाणी रोज बदलून) कडक उन्हात वाळवा. नाहीतर भुंगे पोखरतात आणि पेटीत पिठासारखी भुकटी पडायला लागते. झाडांत सॅन्सेव्हेरिया सगळ्यात उत्तम, त्यामागे मनी प्लांट आणि ब्रोमेलियाड. नर्सरीतलं झाड थेट पेटीत नको: पानं धुवा, कुंडीतली माती पूर्ण झटका आणि महिनाभर बाहेर ठेवा, कारण नर्सरीतली कीटकनाशकं पानांवर आणि मुळांत राहतात.

पेटी भिंतीला लागून, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवा. खिडकीत कधीच नाही. काचेतून ऊन आत आलं की वीस मिनिटांत आतलं तापमान जीवघेणं होतं, आणि काच यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) अडवत असल्याने त्या उन्हाचा उपयोगही शून्य. स्वयंपाकघरही नको, तिथे फोडणीचा धूर असतो.

प्रकाश

नवशिक्याचे पैसे बहुतेक वेळा इथेच वाचवले जातात आणि पाल इथेच मरते. यूव्हीबीशिवाय कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी-३ शिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. काही महिन्यांत जबडा मऊ पडतो, शेपटी नागमोडी होते, पाय थरथरतात. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची टी-५ ट्यूब रिफ्लेक्टरसह घ्या आणि जाळीवर ठेवा. वरचा आडवा बांबू ट्यूबपासून १५ ते २० सेंटिमीटरवर येईल असा बसवा. तिथे यूव्ही इंडेक्स ३ च्या आसपास मिळायला हवा आणि खाली पानाआड शून्य. पाल आपली मात्रा आपणच घेते. बारीक जाळी साधारण तिसरा हिस्सा यूव्ही अडवते, म्हणून जाळीवरची धूळ दर आठवड्याला पुसा. वर्षभराने ट्यूब बदला. ती तेव्हाही लखलखीत दिसते, पण यूव्ही ओसरलेला असतो. बसवल्याची तारीख मार्करने ट्यूबच्या टोकावर लिहा.

सोबत ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी हवा. तो झाडांसाठीही आणि पालीसाठीही: अंधुक पेटीत ती काळपट दिसते, लपते आणि खाणं सोडते. दोन्ही दिवे टायमरवर, सकाळी ७ ते संध्याकाळी ७. रात्री लाल-निळा दिवा लावू नका, पूर्ण अंधार हवा.

तापमान, महिन्यांप्रमाणे

उद्दिष्ट असं: ऊन खायच्या जागी ३२ ते ३४ अंश, पेटीच्या मध्यावर २६ ते ३०, रात्री २० ते २५. त्यासाठी सुईवाले दोन डिजिटल थर्मामीटर लागतात, एक वर आणि एक तळाशी. काचेवर चिकटवायच्या पट्ट्यांवर विसंबू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री पारा १६-१७ पर्यंत उतरतो. रात्रीची थंडी निरोगी पालीला चालते, सकाळी अंग तापवायला जागा मिळाली की झालं. या दिवसांत २५ ते ३५ वॅटचा हॅलोजन जाळीच्या एका कोपऱ्यावर, सकाळी ८ ते दुपारी १. दिवा पेटीच्या आत टांगू नका. पाल त्यावर चढते आणि पोट भाजतं.

मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये हॅलोजनला हात लावायचा नाही. खोलीतच ३२-३३ अंश असतात आणि ट्यूब आणखी दोन अंश चढवते. तळाचा थर्मामीटर ३३ दाखवायला लागला की हालचाल करा: छताचा पंखा लावा, ट्यूब आणि जाळीत ३ सेंटिमीटरची फट ठेवा, दिव्यांची वेळ दुपारी १२ ते ३ बंद करा, पाणी फवारा. तळाशी ३५ म्हणजे धोका. पाल तोंड उघडून धापा टाकत असेल तर पेटी तत्काळ थंड खोलीत न्या. सगळे कामाला जातात आणि फ्लॅट दिवसभर बंद राहतो, अशा घरात निदान एक खिडकी उघडी आणि एक पंखा सुरू राहील अशी सोय हवी. एसी चालतो, पण झोत पेटीवर नको. एसी खोलीत हॅलोजन उन्हाळ्यातही थोडा वेळ लागतो आणि फवारणी वाढवावी लागते.

पाणी आणि दमटपणा

हवेतली आर्द्रता ६० ते ८० टक्के हवी. पाली वाटीतून क्वचित पितात. पानावरचे थेंब चाटतात. म्हणून सकाळी दिवे लागल्यावर आणि संध्याकाळी दिवे जाण्याआधी तासभर, पानांवर आणि काचेवर बारीक फवारा मारा. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पेटी कोरडी दिसलीच पाहिजे. जुलैत हवाच ९० टक्क्यांवर असते, तेव्हा सकाळी थेंब दिसण्यापुरतंच पाणी द्या. सतत ओल्या पेटीत बोटांना आणि पोटाला बुरशीचे डाग येतात. तळाच्या गोळ्यांत पाणी साचलं तर नळीने ओढून काढा.

महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं. रात्रभर उघडं ठेवलं की फवाऱ्याला चालतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी काचेवर पांढरे डाग सोडतं, तिथे आरओचं वापरा.

स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) बहुतेक खोटं बोलतात. तपासायची सोपी रीत आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (विरघळू द्यायचं नाही), हायग्रोमीटरबरोबर झिपच्या पिशवीत १० तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर पुढे नेहमी ५ मिळवून वाचा.

खाणं

मोठ्या पालीला आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार ते सहा किडे. पिल्लांना रोज. किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको. फळमाशी, छोटे रातकिडे आणि अधूनमधून मेणअळी एवढ्यात काम होतं. मीलवर्म नावाच्या अळीचं कवच या आकाराच्या पालीला जड जातं. दिव्याभोवती जमलेले पतंग आणि घरातली झुरळं कधीच नाहीत: त्यांच्या अंगावर कोणतं विष आहे ते कळत नाही. रातकिड्यांना पेटीत सोडण्याआधी दिवसभर लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला खायला घाला. न खाल्लेले रातकिडे रात्री काढून घ्या, ते झोपलेल्या पालीची कातडी कुरतडतात.

आठवड्यातून दोनदा गोड खाणं. गेकोसाठी मिळणारी तयार पूड एकास दोन भाग पाण्यात कालवून बाटलीच्या झाकणात, वरच्या बांबूला बांधून द्या. ती नसेल तेव्हा पपई, अंजीर किंवा आंब्याचा गर. संत्रं-मोसंबं नको, केळं क्वचित. सकाळी दिलेलं संध्याकाळी काढायचं. आपल्या हवेत ते रात्रीपर्यंत आंबतं.

गोड आलं की मुंग्या आल्या. त्या पालीलाही चावतात आणि पिल्लांना मारतात. यावर जुन्या घरांतल्या जाळीच्या कपाटाचाच उपाय चालतो: स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. वाट्यांतलं पाणी दर तीन दिवसांनी फेकून वाटी घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील. स्टँड भिंतीला आणि वायर जमिनीला टेकत असेल तर मुंग्या तिथून चढतात, तेही बघा.

फळमाशी घरी वाढवता येते आणि वाढवावीच. न उडणारी जात आणा. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत ड्रोसोफिला, म्हणजे हीच फळमाशी, ठेवलेली असते. अर्धा लिटरच्या बरणीत एक पिकलेलं केळं कुस्करून, चार मोठे चमचे ओट्सची पूड आणि दोन छोटे चमचे व्हिनेगर घालून घट्ट लापशी करा. वर चिमूटभर कोरडं यीस्ट, चढायला चुरगळलेला कागद, तोंडाला सुती कापड आणि रबर. ३० ते ४० माश्या सोडा. २५ अंशांना मेलानोगॅस्टर या लहान जातीची नवी पिढी १० ते १४ दिवसांत येते; हायडी ही दुसरी जात मोठी असते पण तिला साधारण तीन आठवडे लागतात. ३० अंशांच्या वर नर नापीक होतात आणि बरणी बसते, म्हणून उन्हाळ्यात बरणी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. दर आठवड्याला एक नवी बरणी लावत राहा, एकीवर अवलंबून राहू नका. घरातली रानटी माशी आत शिरली तर पुढची पिढी उडायला लागते. ती बरणी फ्रीझरमध्ये घालून टाकून द्या.

कॅल्शियम: शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड, डी-३ नसलेली, जवळजवळ प्रत्येक वेळी. किडे पिशवीत घेऊन चिमूटभर पुडीत हलवा, पिठात घोळल्यासारखे दिसले की लगेच पेटीत. डी-३ आणि जीवनसत्त्वांची सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची पूड महिन्यातून दोनदा. केमिस्टकडच्या माणसांच्या गोळ्या कुटून देऊ नका. त्यांत बहुधा डी-३ असतं आणि ते अंगात साठून विषारी ठरतं. मादीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाठी दिसल्या तर घाबरू नका. अंड्यांच्या कवचासाठी तिने तिथे कॅल्शियम साठवलेलं असतं. त्या गाठी सपाट झाल्या की मात्रा वाढवायची.

पाल घरी आल्यावर

पहिले ४० दिवस मोठ्या पेटीत नाही. छोटी पेटी, खाली टिश्यू पेपर, एक बांबू, एक प्लास्टिकचं झाड, पण यूव्हीची ट्यूब पहिल्या दिवसापासून. पहिल्या आठवड्यात ताजी विष्ठा डबीत घालून सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे जंतांसाठी तपासायला द्या. असा डॉक्टर कुठे बसतो ते पाल आणण्याआधीच शोधून ठेवा. सोनारकामाचा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या आणि दर रविवारी डबीसकट वजन लिहा. डोळ्यांना फरक दिसायच्या कितीतरी आधी काटा सांगतो. दोन आठवडे सलग वजन उतरलं की थांबू नका, डॉक्टरकडे जा.

हातात घ्यायची नाही, हे घरातल्या मुलांनाही आणि पाहुण्यांनाही सांगा. हिची कातडी ओल्या कागदासारखी फाटते, ओढाताणीत शेपटी तुटते. हलवायची तर पारदर्शक डबी समोर धरा आणि मागून मऊ ब्रशने ढकला. पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुवा, कारण पालींच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

घरातली विषं

डास पळवणारी मशीन, कॉइल, झुरळांचा खडू, स्प्रे: या सगळ्यांतली पायरेथ्रॉइड द्रव्यं या पालींना आणि फळमाश्यांना मारतात. पेटी असलेल्या खोलीत मच्छरदाणी लावा. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल ठरलं की त्या दिवशी पाली डब्यांतून दुसऱ्या घरी न्या आणि दोन दिवसांनी आणा. पावसाळ्यात महापालिकेची धूरफवारणी अचानक येते. आवाज ऐकू आला की खिडक्या लावा, पेटीच्या जाळीवर ओला पंचा टाका आणि तासाभराने काढा. गणपतीत खोलीत धूप, कापूर होणार असेल तर पेटीची जागा आधीच ठरवा.

अंडी

मादी दर चार-पाच आठवड्यांनी दोन कडक कवचाची अंडी घालते. लॅटिकॉडाची अंडी सुटी असतात. वरची बाजू पेन्सिलीने खूण करून, न फिरवता, डबीत कोरड्या वाळूवर ठेवा आणि ती डबी ओलसर कोकोपीटच्या मोठ्या डब्यात. २८ अंशांना साधारण ४० ते ५० दिवस. काही जाती अंडी बांबूला चिकटवतात. ती उचकटली की फुटतात, तिथेच वर जाळीची वाटी बांधा. पिल्लांना प्रत्येकी वेगळी पेटी.

पाल निसटली किंवा आजारी पडली तर

निसटली तर पहिला हात पंख्याच्या बटणावर. मग खिडक्या आणि दारांच्या फटी बंद, खोलीतले दिवे बंद, एका भिंतीपाशी एकच तेजस्वी दिवा आणि त्याखाली उभा बांबू. बहुतेक वेळा तासाभरात ती उजेडाकडे येते.

सकाळी रंग गडद असणं स्वाभाविक. दिवे लागून दोन तास झाले तरी गडद असेल, डोळे खोल गेले असतील, कंबरेची हाडं दिसत असतील, तर दुर्लक्ष करू नका. बोटांवर कात अडकून कडं झालं असेल तर पालीला ओल्या टिश्यूच्या डबीत २० मिनिटं ठेवा, मग ओल्या कापसाच्या काडीने हळूच सोडवा. तसंच राहिलं तर बोट सुकून गळतं. जबडा मऊ लागला किंवा पाल काचेवरून घसरायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर.

नेताना भोकं पाडलेल्या डबीत ओलसर टिश्यू घाला, डबी कापडी पिशवीत ठेवा म्हणजे आत अंधार राहील. शक्यतो सकाळी नऊच्या आत निघा, आणि पेटीतल्या तापमानाची आणि वजनाची वही बरोबर घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.